बोटं गेली, आता वकील करायचा का?

प्रश्न : काका नमस्कार, मी भोसरीहून लिहितेय. माझा धाकटा भाऊ, वय २८, एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहे, म्हणजे काम कंपनीत पण पगार ठेकेदाराकडून, महिन्याला १६,५०० खात्यावर येतात, स्लिप आजवर कधी दिली नाही. १२ ऑगस्ट २०२५ ला सेकंड शिफ्टला पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, मुळापासून गेली. सुपरवायझरने लगेच प्रायव्हेट हॉस्पिटलात नेलं, बिल कंपनीने भरलं, पण केसपेपरवर "घरी लोखंडी गेटमध्ये हात अडकला" असं सांगितलंय हे आम्हाला डिस्चार्ज घेताना कळलं. आता ठेकेदार म्हणतो ६०,००० देतो, स्टॅम्प पेपरवर सही कर आणि हेल्पर म्हणून परत ये. हॉस्पिटलच्या गेटवर एकजण भेटला, तो म्हणतो दहा लाख काढून देतो, त्यातले ३० टक्के माझे. आई म्हणते शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, देतायत ते घ्या. वहिनीला सातवा महिना लागलाय. वकील करावा का? आणि केला तर भावाला परत कामावर घेतील का? — एक बहीण, भोसरी

उत्तर : ताई, आधी एकच सांगतो, त्या स्टॅम्प पेपरवर सही करू द्यायची नाही. आणि पत्र छापून येईपर्यंत सही झालीच असेल तर धीर सोडू नका, कारण "मी नुकसानभरपाईचा हक्क सोडला" असं कामगाराकडून लिहून घेतलेलं १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दबातल असतं, मग तो पेपर शंभरचा असो नाहीतर पाचशेचा. ठेकेदाराला हे बहुतेक माहीत असतं. तुमच्या भावाला माहीत नाही याच्यावरच तो ६०,००० चा आकडा उभा आहे.

आता वकिलाचं. मी युनियनच्या कामात बरीच वर्षं काढलीत, बोटं गेलेली पोरं किती बघितली याचा हिशोब मी ठेवला नाही, ठेवावासा वाटला नाही. पण प्रत्येक घरात पहिला प्रश्न हाच असतो, वकील करू का. आणि मी प्रत्येक वेळी उलटा प्रश्न विचारतो, त्याचं ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, होतं का? कारण त्यावर सगळं अवलंबून आहे. ईएसआय असेल तर रस्ता वेगळा, पैसे वेगळ्या ठिकाणाहून येणार, आणि बऱ्याचदा वकिलाची गरजच पडत नाही. ईएसआय नसेल तर भरपाई थेट मालकाने द्यायची असते आणि तिथे मग गोष्ट बदलते. दोन्हीकडून मिळत नाही, ईएसआय लागू असेल तर १९२३ च्या कायद्याखाली वेगळा दावा लावता येत नाही, हे आधी समजून घ्या म्हणजे उगाच खर्चात पडणार नाही.

पगार महिना २१,००० च्या आत आणि कारखाना ईएसआयच्या हद्दीत, म्हणजे भावाला ईएसआय लागायलाच हवं होतं. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्का कापतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो, १६,५०० वर कामगाराचे होतात साधारण १२४ रुपये. स्लिप नसली तरी बँकेच्या पासबुकात जमा झालेली रक्कम आणि ठरलेला पगार यात पीएफ-ईएसआयची कटिंग दिसते का ते बघा. भावाच्या मोबाईलवर उमंग ॲप टाका, त्यात ईएसआयसीचा भाग आहे, नंबर निघाला तर कळेलच. नाहीतर सरळ जवळच्या ईएसआय ब्रँच ऑफिसला आधार घेऊन जा आणि विचारा.

इथे एक भानगड होते ती सांगून ठेवतो. पुष्कळ ठेकेदार पोराला कामावर घेतात तेव्हा ईएसआयला नाव घालत नाहीत आणि अपघात झाला की घाईघाईने घालतात, म्हणजे नोंदणीची तारीख अपघाताच्या आसपासची किंवा नंतरची निघते. अशी तारीख दिसली तर "आपलं गेलं" म्हणून परत येऊ नका. कामावरच्या अपघातासाठी ईएसआयमध्ये इतके महिने वर्गणी भरलीच पाहिजे अशी अट नाही, कामाचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे. मालकाने वर्गणी बुडवली असेल तर ती त्याच्याकडून वसूल करायचं काम ईएसआय महामंडळाचं. तुम्ही फक्त भाऊ किती तारखेपासून कामाला आहे त्याचा पुरावा द्यायचा, पहिल्या पगाराची बँकेची एंट्री सगळ्यात चांगली.

ईएसआय निघालं तर काय मिळतं? जखम भरून कामावर जाईपर्यंतच्या काळाचे पगाराच्या सुमारे ९० टक्के, आणि पुढे मेडिकल बोर्डासमोर तपासणी होऊन किती टक्के कमावण्याची ताकद गेली ते ठरलं की त्या टक्क्याप्रमाणे दरमहा पेन्शन, कायमची. दोन बोटांना कायद्याच्या तक्त्यात २० टक्के आहेत, त्या हिशोबाने भावाला महिन्याला तीन हजारांच्या आसपास बसतील. ऐकायला कमी वाटतं, मलाही वाटतं, पण २८ व्या वर्षापासून आयुष्यभर मोजा म्हणजे ६०,००० चा अर्थ कळेल. याला वकील लागत नाही. फॉर्म लागतो, चिकाटी लागते आणि सोबत बोलणारा एक माणूस लागतो, कुठल्याही युनियनच्या ऑफिसात असा माणूस मिळतो. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं हॉस्पिटल आहे, तिथे पुढचे उपचार सुरू करा म्हणजे कागद आपोआप तयार होत जातील. बोर्डाने टक्के फारच कमी दिले तर त्यावर अपील आहे, वकिलाचा विचार करायचा तर तेव्हा.

आता दुसरी बाजू धरू, ईएसआय लागूच नव्हतं असं निघालं. मग १९२३ चा कायदा. मध्यंतरी २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, पण भावाचा अपघात ऑगस्टमधला म्हणून त्याचा हिशोब जुन्या कायद्यानेच होणार. (नोव्हेंबरनंतर ज्यांच्याकडे असं काही झालं असेल त्यांच्यासाठी सांगतो, हिशोबाची रीत आणि दोन वर्षांची मुदत नव्यातही तीच आहे.)

हिशोब वहीत मांडून बघा, अवघड नाही. पगार कितीही असला तरी कायद्यात जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. वय २८ ला कायद्याच्या वयाच्या तक्त्यात आकडा आहे २११.७९, त्याने गुणलं की १९,०६,११०. त्याचे २० टक्के म्हणजे ३,८१,२२२ रुपये. ही रक्कम अपघाताच्या दिवसापासून देणं लागते, महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज आणि विनाकारण अडवली असेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. दवाखान्याचा खर्च यात धरलेला नाही, तो मालकाने वेगळाच द्यायचा असतो, म्हणजे कंपनीने बिल भरलं त्यात उपकार केले असं आईंनी मनात आणू नये.

तर ठेकेदार देतोय ६०,००० आणि कायदा म्हणतो पावणेचार लाखांच्या वर. गेटवरचा माणूस म्हणतो दहा लाख. दोघंही खरं बोलत नाहीयेत. दहा लाख कुठून येणार हे त्याला विचारा, सांगता येणार नाही. आणि ३० टक्के म्हणजे या ३,८१,२२२ मधले १,१४,३६६ रुपये तुमच्या भावाच्या हातातून जाणार, ज्या हाताला आता बोटं तीनच राहिलीत. मला अशा माणसांचा फार राग येतो आणि तो मी लपवत नाही. आपल्या देशात वकिलाला निकालावर टक्का ठरवता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात स्पष्ट मनाई आहे, आणि हॉस्पिटलच्या गेटवर माणूस उभा करून केसेस गोळा करायलाही मनाई आहे. जो पहिल्याच भेटीत नियम मोडतो त्याच्या हातात वकीलपत्र द्यायचं नाही.

मग वकील हवाच का? कायद्याने सक्ती नाही. भरपाई ठरवणाऱ्या कमिशनरसमोर, म्हणजे आपल्याकडे हे अर्ज लेबर कोर्टात चालतात, तिथे कामगार स्वतः उभा राहू शकतो, नोंदणी झालेल्या युनियनचा पदाधिकारी त्याच्या वतीने उभा राहू शकतो. मालक कबूल असेल, अपघात कामावर झाला, माणूस आमचाच, टक्के डॉक्टरने लिहिलेत, फक्त हिशोब करून पैसे भरायचेत, तर अशा केसला मी स्वतः लोकांना सांगतो की वकिलाचा खर्च करू नका.

पण ताई, तुमच्या भावाच्या केसमध्ये तसं नाहीये आणि म्हणून ईएसआय नसेल तर माझं उत्तर आहे, हो, वकील करा. कारण तो केसपेपर. "घरी गेटमध्ये हात अडकला" हे एक वाक्य उद्या कंपनीचा वकील पहिल्या दिवशी पुढे करणार. शिवाय स्लिप नाही, म्हणजे ठेकेदार म्हणणार हा माझा माणूसच नाही आणि कंपनी म्हणणार ठेकेदाराला विचारा. या दोन गोष्टी खोडायच्या तर साक्षीदार तपासावे लागतात, उलटतपासणी घ्यावी लागते, ते भावाला एकट्याला झेपणार नाही. आणि कारखान्याची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगारांच्या भरपाईचा विमा, असेल तर विमा कंपनीही उतरणार आणि त्यांचा वकील असतोच. कंपनी आणि ठेकेदार दोघांनाही दाव्यात पार्टी करायचं हे मात्र विसरू नका, कलम १२ प्रमाणे ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते, ठेकेदार गाशा गुंडाळून गेला तरी कंपनीची शेड कुठे जात नाही.

अजून एक शक्यता त्यांच्याकडून येईल, "त्याने स्वतःच गार्ड काढला होता". कायद्यात तसा बचाव आहे हे खरं, कामगाराने मुद्दाम सुरक्षेचं साधन काढलं तर मालक जबाबदार नाही. पण मुद्दाम हा शब्द त्यात आहे आणि तो मालकाला सिद्ध करावा लागतो. प्रेस शॉपमध्ये काय चालतं ते मी बघितलंय. दोन्ही हातांनी बटणं दाबली तरच स्ट्रोक पडेल अशी सोय असते, म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, राहूच शकत नाही, पण तिथे पायाचं पेडल लावून देतात कारण पीस जास्त निघतात, सेन्सर बंद करून ठेवतात कारण तो सारखा मशीन थांबवतो. रात्री दहाला टार्गेट पूर्ण करायच्या घाईत पोराने एका हाताने पीस काढला आणि पायाने पेडल दाबलं तर चूक त्याची कशी? मशीनला गार्ड लावून तो चालू ठेवणं हे कायद्याने कारखानदाराचं काम आहे. भावाला विचारा, त्या मशीनला पेडल होतं का, सेन्सर चालू होता का, कोणी बंद करायला सांगितलं, आणि तो सांगेल तसं आजच तारीख घालून लिहून ठेवा कारण वर्षभराने बारीकसारीक आठवत नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे त्या मशीनची तक्रारही करा. भरपाईशी तिचा थेट संबंध नाही, पण त्या प्रेसवर आज दुसऱ्या कोणाचा तरी भाऊ बसलेला आहे.

पुरावा म्हणून काय जमवायचं ते तुमच्या केसपुरतं सांगतो. हॉस्पिटलकडून फक्त डिस्चार्ज कार्ड नको, पूर्ण केसपेपरची प्रत अर्ज देऊन मागा, बिलाची पावतीही, त्यावर पैसे भरणाऱ्याचं नाव कंपनीचं असेल तर घरच्या गेटची गोष्ट तिथेच लंगडी पडते, घरी बोटं तुटलेल्या माणसाचं बिल कारखाना कशाला भरेल? त्या दिवशीचे व्हॉट्सॲप मेसेज, सुपरवायझरचे कॉल, शिफ्टच्या ग्रुपवर कोणी काही टाकलं असेल तर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा. शेजारच्या मशीनवर कोण होतं त्याचं नाव लिहा, तो आज बोलणार नाही कदाचित, त्याचंही पोट आहे. आणि कंपनी व ठेकेदार दोघांना एक साधं मराठीत पत्र, अमुक तारखेला अमुक मशीनवर अपघात झाला, कायद्याप्रमाणे भरपाई द्या, स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपा. या पत्राला वकील नको.

फीचं बोलायचं तर, कारखान्यात मजुरी करणाऱ्या माणसाला सरकारकडून मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगार असा वेगळा उल्लेखच आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० ला फोन करा किंवा शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे जा. लोकांना वाटतं फुकटचा वकील म्हणजे टाळाटाळ करणारा. मला तसे भेटलेत आणि जीव तोडून लढणारेही भेटलेत, जसे पैसे घेणाऱ्यांतही दोन्ही भेटतात. स्वतःचा करायचा ठरवलं तर रोज लेबर कोर्टात उभा राहणारा बघा, तुमच्या ओळखीचा जमिनीच्या केसेस करणारा कितीही चांगला असला तरी हे काम वेगळं आहे. फी किती आणि कधी द्यायची ते कागदावर घ्या, आणि भरपाई भावाच्या नावावर, भावाच्या खात्यात येणार हे आधी बोलून घ्या. टक्क्यांचा मुद्दाही वकिलाला विचारा, तक्त्यातले २० टक्के हे शेवटचं नाही. सुप्रीम कोर्टापुढे प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता अशी एक केस गेली होती, पन्नास वर्षांपूर्वीची, सुतारकाम करणारा माणूस थिएटरमध्ये काम करताना पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, आणि कोर्टाने त्याचं नुकसान शंभर टक्के धरलेलं कायम ठेवलं कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भावाचा हात उजवा आहे आणि काम प्रेसवरचं आहे. शंभर टक्के मिळतील असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरची साक्ष नीट झाली तर २० वर थांबायचं कारण नाही.

आईंची म्हण चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, कोर्टाच्या पायऱ्यांवर माणसं झिजलेली मी बघितलीत. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचं लिहिलंय पण माझ्या बघण्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. फक्त ती म्हण भावकीच्या, बांधाच्या भांडणासाठी आहे. इथे भांडण नाहीये, हे भावाचं येणं आहे, जसा पगार येणं असतो तसं. आणि मुदत दोन वर्षांची, म्हणजे १२ ऑगस्ट २०२७ च्या आत अर्ज पडला पाहिजे, वहिनीचं बाळंतपण होऊ द्या, पण नंतर विसरू नका.

कामावर परत घेतील का याचं उत्तर मला तुम्हाला गोड करून देता येत नाही. ईएसआयचा जखमेच्या काळातला भत्ता चालू असेपर्यंत त्याला कामावरून काढता येत नाही, त्यापुढे ठेकेदारीतल्या माणसाची खात्री कोणीच देऊ शकत नाही, सही केली तरी नाही. ६०,००० घेऊन हेल्पर म्हणून गेलेली पोरं सहा महिन्यांत "उद्यापासून येऊ नको" ऐकून घरी बसलेली मला माहीत आहेत. भरपाई आणि नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक मागितली म्हणून दुसरी सोडावी लागते असं नाही, हे ठेकेदाराला भावाने नाही तर तुम्ही सांगा, तुमच्या पत्रावरून वाटतं तुम्हाला जमेल.

प्रश्न : माझी आई, वय ४५, गावातल्याच एका शेतकऱ्याकडे सोयाबीनच्या मळणीला रोजाने गेली होती, ऑक्टोबर २०२५. मळणीयंत्रात हात ओढला गेला, डाव्या हाताचा अंगठा गेला. शेतकऱ्याने दवाखाना केला, वर ४०,००० रोख आईच्या हातात दिले. माणूस वाईट नाही. पण वकिलाचं नाव काढलं तर पुढच्या सुगीला आम्हाला कोणी बोलवणार नाही. काय करू? — लातूर जिल्हा

उत्तर : दादा, यंत्रावर चालणारी शेतीची कामंही त्याच १९२३ च्या कायद्यात येतात, ट्रॅक्टर असो की मळणीयंत्र, आणि मजूर रोजावर असला तरी. अंगठ्याला तक्त्यात ३० टक्के. मजुरी महिन्याला ९,००० धरली तर त्याचे ६० टक्के ५,४००, वय ४५ चा आकडा १६९.४४, म्हणजे ३० टक्क्यांनी २,७४,४९३ रुपये होतात. एवढी रक्कम त्या शेतकऱ्याला एकदम जड जाणार हे मलाही कळतं.

पण एक गोष्ट तुम्ही त्याला समजावून सांगा, ती त्याच्याही भल्याची आहे. बाईमाणसाला द्यायची एकरकमी भरपाई मालकाने कमिशनरकडेच भरायची असते, परस्पर हातात दिलेली कायद्याने भरपाई म्हणून धरत नाहीत. म्हणजे त्याने ४०,००० दिले, मनापासून दिले, तरी कायद्यापुढे ते मोजले जात नाहीत आणि उद्या कोणी दावा लावला तर पूर्ण रक्कम त्याच्यावर येऊ शकते. म्हणून नोटीस वगैरे पाठवायच्या आधी गावातला दोघांनी मानलेला एखादा जाणता माणूस घेऊन त्याच्याकडे बसा, आकडा ठरवा, आणि ठरलं ते लिहून कमिशनरकडे नोंदवून घ्या. रक्कम फारच कमी असेल तर कमिशनर नोंदवायला नकार देऊ शकतो, म्हणजे आईची फसवणूकही होत नाही आणि शेतकऱ्याच्या डोक्यावरची टांगती तलवारही जाते.

याला वकील लागेल, पण भांडायला नाही, कागद बरोबर लिहायला. तो मोफत मिळतो, स्त्रियांना उत्पन्न किती का असेना मोफत मदत आहे, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे आईला सोबत घेऊन जा, अर्ज तिच्या नावाने द्या. बसणं करूनही शेतकरी तयार झाला नाही तर दावा लावायचा की नाही हे आईला ठरवू द्या, अंगठा तिचा गेलाय आणि गावात राहायचंही तिलाच आहे. फक्त तिने ठरवायच्या आधी हा २,७४,४९३ चा हिशोब तिला नीट वाचून दाखवा, आणि ऑक्टोबर २०२७ ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.